सागरतीरावरील कायोटी : निरीक्षण आणि छायाचित्रण

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागातील पुळणींवर, पहाटेच्या अंधुक प्रकाशात एक करडा, सडपातळ, कुत्र्यासारखा प्राणी पाण्याच्या कडेने एकटाच चालत जाताना दृष्टीस पडतो. हाच कायोटी होय. विस्तीर्ण माळराने आणि अर्धवाळवंटी प्रदेश यांचा रहिवासी म्हणून हा प्राणी प्रसिद्ध असल्यामुळे, लाटांच्या पार्श्वभूमीवर तो दिसला म्हणजे पाहणाऱ्यास आश्चर्य वाटते आणि हातातील कॅमेरा आपोआप वर उचलला जातो. परंतु त्याचे तेथे असणे आकस्मिक नसते. तो तेथे का येतो, केव्हा येतो आणि कोणत्या कारणाने तेथून निघून जातो, हे ज्यास समजले त्यासच त्याचे खरे छायाचित्र मिळू शकते. समजून घेण्याचा हा मार्ग सोडून चित्रासाठी दुसरा, सोपा मार्ग धरला, तर त्याचे मोल बहुधा त्या प्राण्यास द्यावे लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

नाव आणि कुळ

प्रथम नावाचा घोळ दूर करणे इष्ट होय. मराठी अनुवादांतून या प्राण्यास कधी ‘कोल्हा’, तर कधी ‘लांडगा’ म्हटलेले आढळते. महाराष्ट्रात ज्यास कोल्हा म्हणतात तो ‘कॅनिस ऑरियस’ ही निराळी जाती होय. खोकड त्याहून लहान आणि वेगळ्या प्रजातीचे. आणि लांडगा या सर्वांहून मोठा. कायोटीचे शास्त्रीय नाव ‘कॅनिस लॅट्रान्स’ असे असून ते टॉमस से या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये दिले. त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा आहे. ‘कायोटी’ हा शब्द मात्र मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दापासून स्पॅनिश भाषेच्या द्वारे इंग्रजीत आला. कोल्हा, लांडगा आणि कायोटी हे तिन्ही एकाच प्रजातीत मोडतात. तथापि रक्ताच्या नात्याने कायोटी कोल्ह्यापेक्षा लांडग्यास अधिक जवळचा आहे. म्हणून मराठीतही त्याचे मूळ नाव कायम ठेवणेच योग्य.

पश्चिमेकडील प्रौढ कायोटीचे वजन सामान्यतः ९ ते १६ किलोग्रॅम भरते. अंगावरचे केस करडे-तांबूस, मुस्कट अरुंद आणि निमुळते, कान शरीराच्या मानाने मोठे व टोकदार, शेपूट झुबकेदार आणि टोकाशी काळसर. भरकटलेला पाळीव कुत्रा आणि कायोटी यांत दुरून फरक करावयाचा झाल्यास शेपटीकडे पाहावे. धावताना कायोटीची शेपूट खाली झुकलेली असते. कुत्र्याची बहुधा वर उचललेली किंवा आडवी असते. हिवाळ्यात दाट केसांमुळे तो भरदार दिसतो, तर उन्हाळ्याच्या आरंभी केस गळू लागल्यावर तोच प्राणी इतका कृश आणि विस्कटलेला भासतो की, नवशिक्या निरीक्षकास तो रोगी किंवा उपाशी असल्याचा संशय येतो. वस्तुतः हा ऋतूचा परिणाम असतो.

निर्वासन आणि पुनरागमन

किनाऱ्यावरील कायोटीचा आजचा वावर हा एका मोठ्या उच्छेदानंतरचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या वर्तनाचा उलगडा होत नाही. सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस असलेल्या मरीन जिल्ह्यात मेंढ्यांचे व गुरांचे पालन पूर्वापार चालत आले आहे. कळपांच्या रक्षणासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यात सापळे, बंदुका व विष यांचा सर्रास वापर होऊन तेथील कायोटी जवळजवळ नाहीसे झाले. ‘दहाशे ऐंशी’ या क्रमांकाने ओळखले जाणारे विष मांसात मिसळून ठेवण्याची पद्धत त्या काळी पश्चिमेकडील अनेक राज्यांत रूढ होती. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने केंद्र सरकारच्या जमिनींवर श्वापदांना विष घालण्यास बंदी झाली, आणि त्याच वर्षी अशा विषांची शासकीय नोंदणीही रद्द करण्यात आली. त्यानंतर १९८० च्या दशकात उत्तरेकडून कायोटी मरीन जिल्ह्यात परतू लागले. पुढे, २००० च्या सुमारास, या जिल्ह्याने कळपांच्या रक्षणासाठी प्राणी मारण्याऐवजी कुंपणे आणि राखणीचे कुत्रे यांस साहाय्य देण्याची योजना स्वीकारली.

याच जिल्ह्यात पॉइंट रेयेस हे द्वीपकल्प आहे. १९६२ च्या सप्टेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सही केलेल्या कायद्याने तेथे राष्ट्रीय सागरतीराची तरतूद झाली. लांबच लांब पुळणी, वाळूच्या टेकड्या, खाजणे, गवताळ उतार आणि कडे ही सर्व थोड्या अंतरात एकवटल्यामुळे किनाऱ्यावरील कायोटीच्या अभ्यासास या जागेइतकी अनुकूल स्थळे थोडी आहेत. येथील मूळचे रहिवासी असलेल्या कोस्ट मिवोक लोकांच्या कथांमध्ये कायोटी हा सृष्टीचा कर्ता मानला गेला आहे. म्हणजे ज्या भूमीच्या आद्यकथेत त्याला कर्त्याचे स्थान होते, त्याच भूमीवरून काही दशके तो हद्दपार झालेला होता.

तेथून पुढे विसाव्या शतकाचा शेवट आणि एकविसाव्याचा आरंभ या काळात तो सान फ्रान्सिस्को शहरातही पुन्हा दिसू लागला. शहराच्या तिन्ही बाजूंस पाणी असल्यामुळे तो आला कोठून, हा प्रश्न स्वाभाविक होता. जनुकांच्या परीक्षणावरून या प्राण्यांचे नाते उत्तरेकडील कायोटींशी जुळले. म्हणजे सामुद्रधुनीच्या पलीकडून, कदाचित १९३७ मध्ये खुल्या झालेल्या गोल्डन गेट पुलावरून, त्यांचे पूर्वज शहरात शिरले असावेत. कायोटी चांगला पोहणाराही आहे.

समुद्र त्याला काय देतो

कायोटी समुद्रकाठी येतो तो अन्नासाठी. समुद्र प्रत्येक भरतीला काही ना काही किनाऱ्यावर टाकत असतो : केल्प या मोठ्या समुद्रशैवालाचे भारे, मेलेले मासे, खेकडे, लाटांनी फेकलेले समुद्रपक्षी, क्वचित सील किंवा देवमासा यांचे शव. भरतीच्या सर्वांत वरच्या मर्यादेवर या सर्व वस्तूंची एक रांग तयार होते. या भरतीरेषेतील कुजणाऱ्या शैवालात कीटक व वाळूत उड्या मारणारे लहान जलचर यांची दाटी होते. त्यांवर पक्षी येतात. आणि या सर्वांच्या मागावर कायोटी येतो. जमिनीवरचा दुष्काळ समुद्राला ठाऊक नसतो, आणि म्हणून रुक्ष प्रदेशाच्या किनाऱ्यावर या दानाचे महत्त्व फारच वाढते.

याचा आकड्यांनी पुरावा मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पात मिळाला. मायकेल रोझ आणि गॅरी पोलिस या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, त्या वाळवंटी किनाऱ्यालगत कायोटींची घनता आतल्या भागापेक्षा २.४ ते १३.७ पट अधिक होती, आणि किनाऱ्यावरील कायोटींच्या अन्नाचा जवळजवळ निम्मा हिस्सा समुद्राकडून आलेला होता. दोन्हीकडची जमीन सारखीच रुक्ष. फरक एवढाच की, एका बाजूस भरती पोहोचत होती.

उत्तरेकडे हे नाते आणखी एका पायरीने पुढे गेलेले आढळते. वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या आखातात कायोटी बंदर-सीलची पिले मारून खातात, ही गोष्ट १९८० च्या दशकातच नोंदली गेली होती. अलीकडे कॅलिफोर्नियातील मेन्डोसिनो जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, प्राण्याच्या हालचालीने आपोआप चालणारे कॅमेरे ठेवून केलेल्या अभ्यासात तेथील कायोटीही सीलची पिले पकडून वाळूवरून ओढून नेत असल्याचे दिसून आले. म्हणजे समुद्राने टाकलेले उचलणारा हा प्राणी समुद्रातून वर आलेल्या जीवाची शिकारही करू शकतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कायोटी आपल्या क्षेत्रात कोल्हेवजा लहान श्वापदे आणि भटकी मांजरे यांना टिकू देत नाही. क्रुक्स आणि सूले यांनी १९९९ मध्ये सान डिएगो शहराच्या किनारी भागातील झुडपी घळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे कायोटी होता तेथे मांजरांचा उपद्रव कमी आणि स्थानिक पक्ष्यांची विविधता अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून कायोटी दिसला म्हणजे पक्ष्यांवर संकटच आले, असे समजणे चुकीचे होय. तो अंडी खातो हे खरे. पण अंडी खाणाऱ्या इतरांना तो दूर ठेवतो हेही खरे.

शोध : भरतीचे कोष्टक आणि ऋतूंचे चक्र

वरील माहितीवरून शोधाची पद्धत आपोआप ठरते. किनाऱ्यावरील निरीक्षकाचे पहिले साधन कॅमेरा नसून भरती-ओहोटीचे कोष्टक होय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मात्र दोन्ही भरती सारख्या उंचीच्या नसतात आणि दोन्ही ओहोटीही सारख्या खोलीच्या नसतात. ही वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ज्या दिवशी पहाट आणि उतरते पाणी यांची गाठ पडते, त्या दिवशी कायोटी भेटण्याचा संभव सर्वाधिक. रात्रीच्या भरतीने टाकलेले अन्न ताजे असते, वाळू ओली आणि घट्ट असते, आणि फिरायला येणाऱ्या माणसांची वर्दळ अद्याप सुरू झालेली नसते. मोठ्या वादळानंतरचे एकदोन दिवस याच कारणाने फलदायी ठरतात.

कायोटी मुख्यतः पहाटे व संध्याकाळी हिंडतो. जेथे माणसांचा त्रास अधिक तेथे तो रात्रीचा आश्रय घेतो. शिकागो शहराच्या परिसरात २००० पासून चालू असलेल्या प्रदीर्घ अभ्यासात शहरी कायोटींचा हा निशाचरपणा ठळकपणे दिसून आला आहे. उलट, जेथे त्याला कोणी छळत नाही तेथे तो दिवसाढवळ्याही वावरतो. म्हणून दिवसा दिसलेला कायोटी पिसाळलेलाच असला पाहिजे, ही समजूत निराधार आहे.

प्राण्याच्या आधी त्याच्या खुणा सापडतात. ओल्या वाळूवरील कायोटीचा ठसा लांबट, आटोपशीर आणि सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर लांब असतो. पुढील दोन नखांच्या खुणा बारीक व जवळजवळ उमटतात. पाळीव कुत्र्याचा ठसा अधिक पसरट असतो. याहून महत्त्वाची खूण म्हणजे मार्ग. कुत्रा वाळूवर नागमोडी, उनाडपणे धावतो. कायोटी ताकद वाचवीत जवळजवळ सरळ रेषेत जातो. वाटेच्या मध्यावर किंवा चौकात टाकलेली, केस आणि फळांच्या बिया यांनी भरलेली विष्ठा ही त्याच्या हद्दीची जाहीर पाटी होय. संध्याकाळी कानी पडणाऱ्या त्याच्या आवाजावरून मात्र संख्येचा अंदाज करू नये. दोन कायोटी निरनिराळ्या सुरांत ओरडू लागले की, ऐकणाऱ्यास संपूर्ण टोळी जमल्याचा भास होतो.

ऋतूंचे भानही आवश्यक आहे. जोड्या साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात जमतात. सुमारे ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर वसंतात पिले जन्मतात. एका वेळेस सरासरी सहा पिले होतात. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत त्यांचे जग बिळाच्या आसपास असते, आणि शरद ऋतूत त्यांतील बरीचशी स्वतःचे क्षेत्र शोधण्यासाठी घर सोडतात. शरदात पुळणीवर अपरिचित, काहीसा बुजरा तरुण प्राणी दिसतो तो या कारणाने. छायाचित्रकाराच्या दृष्टीनेही पॉइंट रेयेस येथे शरदच सोयीचा. कारण उन्हाळ्यात समुद्रावरचे दाट धुके सकाळपासून दुपारपर्यंत किनारा झाकून ठेवते.

कॅमेरा आणि प्रकाश

कॅलिफोर्नियाचा किनारा, कोकणच्या किनाऱ्याप्रमाणेच, पश्चिमाभिमुख आहे. सूर्य जमिनीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो. त्यामुळे सकाळी जमिनीकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्यास पाण्याच्या कडेने जाणारा प्राणी पूर्ण उजेडात मिळतो; संध्याकाळी त्याच जागेवरून तो केवळ काळ्या आकृतीच्या रूपात उमटतो. अंगावरील केसांचा पोत, डोळ्यांचा पिवळसर रंग आणि पायांवरील गडद रेषा यांची नोंद हवी असेल तर सकाळ. चालण्याची ढब आणि शरीराची ठेवण दाखवावयाची असेल तर संध्याकाळ, असा ढोबळ नियम करता येईल.

समुद्राकडून वारा वाहत असेल तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाचा वास आतल्या दिशेने जातो; पुळणीवरील प्राण्यास तो लागत नाही. म्हणून वाळूच्या टेकडीच्या सावलीत, आकाशरेषेच्या खाली, अगोदरच जाऊन बसणे हे प्राण्याच्या मागे चालण्यापेक्षा सर्वथा श्रेयस्कर. पाठलाग करणाऱ्यास कायोटीची पाठ तेवढी दिसते. स्थिर बसलेल्याकडे तो कधी कधी आपल्याच मार्गाने येतो, क्षणभर थांबून पाहतो आणि पुढे जातो.

४०० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग या कामास योग्य. धावत्या प्राण्यासाठी पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा अधिक काळ उघडा राहू नये. गवतात उंदरासारख्या लहान प्राण्यांची शिकार करताना कायोटी कान रोखून निश्चल उभा राहतो आणि मग चारही पायांनी उंच झेप घेऊन भक्ष्यावर कोसळतो. ती झेप पकडण्यासाठी त्याच्या कानांवर लक्ष ठेवावे. दोन्ही कान पुढे वळून एका बिंदूवर खिळले की झेप जवळ आली, असे समजावे. पांढरट वाळू, फेस आणि धुके यांच्या चकाकीने कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते आणि करडा प्राणी वाजवीपेक्षा काळा उमटतो. म्हणून यंत्राने सुचविल्याहून थोडा अधिक प्रकाश द्यावा. भिंग डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे वाळूपासून हातभर उंचीवर धरल्यास प्राणी आणि क्षितिज यांचे नाते स्पष्ट होते. खारट तुषार भिंगावर बसतात. ते कोरड्या कापडाने घासल्यास त्यांतील वाळूचे कण काच ओरखडतात, म्हणून आधी हवेने झटकावेत. सर्वांत मोठी सावधगिरी समुद्राबाबतची : या किनाऱ्यावर शांत लाटांच्या मागोमाग एकाएकी मोठी लाट आत घुसते. कॅमेऱ्यात डोळा घालून समुद्राकडे पाठ फिरविणे तेथे जिवावर बेतू शकते.

अंतर आणि आमिष

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानसेवेच्या सर्वसाधारण सूचनेप्रमाणे बहुतेक वन्य प्राण्यांपासून निदान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतर राखावयाचे असते. ही मर्यादा कायदेशीर सोयीसाठी ठीक. परंतु खरी मर्यादा प्राणीच सांगत असतो. चालता चालता तो थबकला, वारंवार वळून पाहू लागला, जांभई देऊ लागला, शेपूट पायांत घालून बाजूला सरकला, किंवा घशातून खरखरीत आवाज काढू लागला, तर अंतर कमी झाले असे समजून मागे फिरावे. वसंतात आणि उन्हाळ्यात एखादा कायोटी माणसाच्या, विशेषतः कुत्रा बरोबर असलेल्या माणसाच्या, मागोमाग काही अंतर चालत येतो. तो हल्ला नसून बहुधा बिळाजवळून पाहुण्यास बाहेर घालविण्याचा प्रयत्न असतो. बिळाचे छायाचित्र घेण्याचा मोह अजिबात टाळावा. त्रास झालेली मादी पिलांना तोंडात धरून दुसरीकडे हलविते, आणि या स्थलांतरात पिलांना धोका संभवतो.

किनाऱ्यावर आणखी दोन जीवांचा विचार करावा लागतो. स्नोई प्लव्हर हा लहान चिखल्या पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो; त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील समूहास १९९३ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. मार्च ते सप्टेंबर या काळात त्याच्या घरट्यांभोवती दोऱ्या बांधून जागा राखलेल्या असतात. कायोटी त्या दोरीखालून गेला म्हणून छायाचित्रकारास त्याच्या मागे जाण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. त्याचप्रमाणे सीलच्या कळपाजवळ गेल्यास सगळा कळप पाण्यात धाव घेतो आणि पिले मातांपासून तुटतात. सीलना असा उपद्रव देण्यास १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने मनाई आहे.

परंतु या सर्वांहून गंभीर प्रश्न आमिषाचा आहे. मांसाचा तुकडा टाकला की कायोटी जवळ येतो आणि भिंगाची लांबी वाचते. चित्रही क्षणभर समाधान देते. त्याची परिणती काय होते, हे कॅनडातील व्हँकूव्हर शहराने पाहिले आहे. तेथील स्टॅन्ली पार्क हे तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले वनोद्यान असून त्याच्या कडेने फिरण्याचा लोकप्रिय तटमार्ग आहे. १९८० च्या दशकापासून तेथे कायोटी आणि माणसे एकमेकांच्या शेजारी फारसा संघर्ष न होता राहत आली होती. डिसेंबर २०२० पासून मात्र कायोटी माणसांना चावे घेऊ लागले. सप्टेंबर २०२१ पर्यंत अशा सुमारे ४५ घटना नोंदल्या गेल्या आणि जखमी झालेल्यांत लहान मुलेही होती. अखेर उद्यान रात्री बंद ठेवून प्राणी पकडण्यात आले, आणि वर्षभरात एकंदर अकरा कायोटींना मारावे लागले. माणसांनी अन्न घालणे हे या वर्तनबदलाचे एक प्रमुख कारण मानले गेले. अन्न घालणाऱ्यांत छायाचित्रासाठी प्राण्यास जवळ बोलावणारेही होते, अशा तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. त्यानंतर उद्यानात वन्य प्राण्यांना अन्न घालणे दंडनीय ठरविण्यात आले.

येथे कार्यकारणाची साखळी नीट पाहावी. जन्मतः कायोटी माणसाला भितो, आणि हे भय हेच त्याचे कवच होय. अन्न मिळाले की भय कमी होते. भय कमी झाले की तो मागणी करू लागतो. मागणीस नकार मिळाला की दात लागतो. आणि दात लागला की बंदूक येते. या साखळीचे पहिले टोक आमिष टाकणाऱ्याच्या हाती असते. शेवटचे टोक दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते. ज्याने आमिष टाकले त्याच्या संग्रही चित्र राहते, आणि ज्याचे ते चित्र तो प्राणी राहत नाही.

नोंद हेच खरे फळ

आमिषाने मिळालेल्या चित्राचा शास्त्रास उपयोग नसतो. कारण त्यात दिसणारे वर्तन हे त्या प्राण्याचे नसून तुकड्याकडे पाहणाऱ्या याचकाचे असते. याउलट, दुरून घेतलेले साधे चित्रही, त्याबरोबर दिनांक, वेळ, भरतीची स्थिती, वाऱ्याची दिशा, अंदाजे अंतर आणि प्राणी काय करीत होता ही माहिती असल्यास, पुरावा बनते. तो काय खात होता? एकटा होता की जोडीने? माणसाची चाहूल लागल्यावर त्याने मार्ग बदलला काय? कानावरील चीर, मुस्कटावरील व्रण, शेपटीची ठेवण, चेहऱ्यावरील केसांचे आकृतिबंध यांच्या साहाय्याने प्रत्येक प्राणी स्वतंत्र ओळखता येतो. सान फ्रान्सिस्को शहरात २००७ पासून एका स्वयंशिक्षित निरीक्षिकेने केवळ पायी फिरून आणि दुरून छायाचित्रे घेऊन तेथील कायोटींची कुटुंबे, जोड्या आणि पिढ्या यांचा माग ठेवला आहे. प्रयोगशाळा नाही, गळपट्टे नाहीत, सापळे नाहीत. केवळ सातत्य आणि अंतर. मात्र नोंद प्रसिद्ध करताना बिळाचे नेमके ठिकाण कधीही जाहीर करू नये. पाहणाऱ्यांची गर्दी हीही एक प्रकारची शिकारच ठरते.

हा विषय महाराष्ट्रास सर्वस्वी परका नाही. मुंबई आणि नवी मुंबई यांच्या खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलांत कोल्ह्याचा वावर आहे. तोही ओहोटीच्या चिखलावर खेकडे व मासे शोधतो, तोही नगराच्या उंबरठ्यावर राहतो, आणि त्याचीही चित्रे आता वारंवार प्रसिद्ध होत आहेत. जाती निराळी, समुद्र निराळा. पण भरतीचे कोष्टक, पश्चिमेकडचा प्रकाश, ठशांची सरळ रेषा आणि आमिषाची साखळी या गोष्टी तेथे आणि येथे सारख्याच लागू पडतात. कॅलिफोर्नियाच्या पुळणीवर जे धडे मिळाले ते खाडीच्या काठावरील अभ्यासकास उपयोगी पडावेत, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

सारांश, सागरतीरावरील कायोटीचे छायाचित्र घेणे म्हणजे त्याच्या वेळापत्रकात स्वतःला बसविणे होय. त्याला आपल्या वेळापत्रकात ओढण्याचा प्रत्येक प्रयत्न त्याच्या जिवाशी खेळ ठरतो. विष, सापळे आणि बंदुका यांतून वाचून हा प्राणी एकदा या किनाऱ्यावर परतला आहे. उतरत्या पाण्याच्या वेळी योग्य जागी बसावे, वारा पाहावा, हालचाल करू नये, आणि तो निघून गेल्यावर काय पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. तो आला नाही, तरी वाळूवरील त्याच्या ठशांची सरळ रेषा हीसुद्धा त्या दिवसाची पुरेशी नोंद असते.